सावंतवाडीचा राजवाडा की वेंगुर्ल्याचं कौलारू घर?

काका-काकूंना घेऊन दोन दिवस निवांत राहायचंय ना, मग ऐक. सावंतवाडीच्या राजवाड्यातल्या हॉटेलात खोल्या मोजक्या, भाडं जास्त, पण तिथे गंजिफाचे, म्हणजे जुन्या खेळातले गोल पत्ते हाताने रंगवणारे कारागीर समोर बसलेले दिसतात, ते बघता बघता दुपार कशी जाते कळत नाही आणि संध्याकाळी समोरच मोती तलावाला चक्कर, काकूंना फार आवडेल. समुद्र मात्र नाही, वेंगुर्ला पाऊण-एक तासावर.

वेंगुर्ल्याकडचा घरगुती होमस्टे बराच स्वस्त, आणि जेवण तर तिथलंच, बांगड्याचं तिखलं, सोलकढी, गरम भाकरी! पण एसी, बाथरूम, पायऱ्या किती ते आधी फोनवर विचारून घे, काकांचे गुडघे दुखतात.

पोरं सोबत असतील तर वेंगुर्ला. फक्त काका-काकू असतील तर राजवाडाच, पावसाळ्यात तर नक्कीच.