रस्ते विभागासाठी घेतलेली ट्रेनिंग सर्विस: साइटवर जबरदस्त, पोर्टलवर निराशा

मी रस्ते विभागात ट्रेनिंगचं काम बघतो, म्हणजे कोणाला कुठल्या बॅचला पाठवायचं, हजेरी, कोणाचं सर्टिफिकेट कधी संपतंय, सगळं माझ्याकडेच. वर्षभरापूर्वी आम्ही एका बाहेरच्या संस्थेला मेंटेनन्स गँग, रोलर ऑपरेटर आणि नवीन ज्युनियर इंजिनियर यांच्या ट्रेनिंगचं काम दिलं. संस्थेचं नाव लिहीत नाही, पण अशी सर्विस घ्यायच्या विचारात कोणी असेल तर हे वाचाच.

साइटवरचं ट्रेनिंग खरंच मस्त. ट्रेनर स्वतः आयुष्यभर डांबराच्या कामावर राहिलेला माणूस, पहिल्याच दिवशी स्लाइड बाजूला ठेवल्या आणि सगळ्यांना घेऊन थेट पेव्हरच्या, म्हणजे रस्त्यावर डांबराचा थर पसरणाऱ्या मशीनच्या, मागे उभा राहिला, हातात थर्मामीटर. डांबराचं गरम मिश्रण साधारण 80 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की रोलर कितीही फिरवा, दबाई नीट होत नाही, आत पोकळ्या राहतात, त्यात पाणी शिरतं आणि तिथेच पुढे खड्डा पडतो, हे त्याने ऑपरेटरलाच टेंपरेचर घ्यायला लावून दाखवलं. आमचे जुने ऑपरेटर हाताच्या अंदाजावर काम करणारे, आता तेच रोलर घालायच्या आधी टेंपरेचर विचारतात. मला तर हे बघून फार बरं वाटलं.

इंजिनियर लोकांची स्लम्प टेस्टही (ओलं काँक्रीट किती घट्ट, किती पातळ ते बघायची चाचणी) तशीच. 300 मिमी उंचीचा कोन म्हणजे शंकूसारखा साचा, तीन थर, प्रत्येक थराला 25 ठोके, हे सगळ्यांना पाठ, पण कोन सरळ वर उचलायच्या ऐवजी हात वळला की काँक्रीट एका बाजूला घसरतं आणि रीडिंग वाया. त्याने प्रत्येकाकडून करून घेतलं, नुसतं बघून कोणालाही सोडलं नाही. कामाच्या जागी झेंडा दाखवून गाड्या थांबवणाऱ्या लोकांना तर पहिला प्रश्न हाच, गाडी थांबलीच नाही तर तू कुठे पळणार? गाडीचा वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं, ते त्याने रस्त्यावर ट्रॅफिकचे कोन मांडून पावलांनी मोजून दाखवलं.

आता तक्रारी. यांचं वेळापत्रक ऑफिसात बसून केलेलं, कोरड्या दिवसांत आमचं डांबरीकरण जोरात चालू असतं, नेमक्या त्याच दिवसांत सलग तीन दिवसांचे वर्ग लावले. गँग वर्गात बसवली तर साइट बंद, आणि रिलीव्हर, म्हणजे बदली माणसं, कुठून आणू मी? एकदा तर रात्रपाळी करून आलेल्या माणसांना सकाळी नऊला वर्गात बोलावलं होतं, ती बॅच मी रद्द केली, रात्रभर जागलेल्या माणसाला सेफ्टी शिकवून काय पोचणार. मग बराच वाद घालून अर्धी गँग वर्गात, अर्धी कामावर, दोन-दोन तासांचे भाग, असं ठरलं आणि तेव्हा कुठे हजेरी सुधारली.

संस्थेचं ऑनलाइन पोर्टल मात्र घेऊ नका. सर्टिफिकेट संपल्यावर रिमाइंडर येतो, आधी नाही, एकाच माणसाची दोन-दोन खाती तयार होतात, आणि नुसतं नेक्स्ट नेक्स्ट दाबलं की मॉड्यूल पूर्ण! मशीन चालवणाऱ्याचं सर्टिफिकेट संपलंय हे नंतर कळून काय उपयोग, म्हणून मी शेवटी माझी एक्सेल शीटच चालू ठेवली, मुदत संपायच्या 60 दिवस आधी नाव लाल होतं.

अजून एक, फीडबॅक फॉर्म. ट्रेनर कसा वाटला, हॉल कसा होता, बस्स. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन ट्रेनिंग-तज्ज्ञाने 1959 मध्येच ट्रेनिंग तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या: लोकांना कसं वाटलं, काय शिकले, कामात काय बदललं आणि शेवटी निकाल काय. संस्था पहिल्याच पायरीवर अडकलीय, मला तिसरी पाहिजे होती. म्हणून तीन महिन्यांनी मी आणि मुकादम न सांगता साइटवर गेलो, कोन नीट लागलेले होते, पण झेंडेवाला उभ्या ट्रकच्या पुढ्यात उभा होता, म्हणजे मागून कोणी त्या ट्रकला धडकलं तर हा मधे चिरडणार. वर्गात त्याला पैकीच्या पैकी मार्क होते.

साइटवरच्या ट्रेनिंगला पाचपैकी साडेचार, पोर्टलला एक. पुढच्या वर्षी फक्त साइटचा भाग घेतोय, तोही पावसाळ्यात जमेल तेवढा वर्ग आणि काम सुरू झाल्यावर प्रॅक्टिकल असा, आणि तीन महिन्यांनी त्याच ट्रेनरने परत येऊन माणसं कामावर बघायची, हे आता करारात लिहून घेतलंय.