दिवाळीत मुलांच्या हातून काय द्यावं : फराळ, पैसे की मूठभर तांदूळ?

सहामाही परीक्षा संपली की मैत्रिणींचे फोन सुरू होतात. "पोरांना घेऊन यंदा काहीतरी द्यायचंय, कुठं जाऊ?" गेल्या सहा-सात दिवाळ्यांत आमच्या दोन मुलांबरोबर यातले बहुतेक प्रकार करून झालेत. मला विचाराल तर 'कुठं' ते नंतर बघा. आधी ठरवा, द्यायचं ते कुणाच्या वाट्यातलं? आईबाबांच्या पाकिटातलं, का पोराच्या स्वतःच्या?

सगळ्यात जास्त चालतो तो संस्थेत जाऊन फराळ वाटण्याचा प्रकार. कोल्हापुरात महाद्वार रोडवर घरची खरेदी उरकायची, येताना लाडू-चिवडा घ्यायचा आणि एखाद्या बालगृहात मुलांच्या हातून द्यायचा. एका सकाळचं काम. आम्हीही केलं. आमच्याआधी तीन कुटुंबं येऊन गेली होती, व्हरांड्यात लाडवाच्या खोक्यांची चळत लागली होती. तिथली मुलं सवयीनं रांगेत बसली, सवयीनं 'थँक्यू' म्हणाली. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. डबा पुढं करताना तो समोरच्या मुलाकडं बघतच नव्हता, बघत होता माझ्या मोबाईलकडं, कारण मी फोटो काढत होते. परतताना रिक्षात विचारलं, "कसं वाटलं रे?" तर म्हणाला, "त्यांच्याकडं आपल्यापेक्षा जास्त लाडू आहेत."

त्याचं काय चुकलं? लाडू मी विकत घेतलेले, वेळ मी ठरवलेली, त्याच्या हातून फक्त डबा सरकला. फोटो तर काढायलाच नको होता. संस्थेतल्या मुलाची ओळख पटेल असं छायाचित्र प्रसिद्ध करायला २०१५च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७४नुसार मनाई आहे, आणि आपण खुशाल स्टेटसला टाकतो. हाच मार्ग धरायचा असेल तर आधी फोन करून काय हवंय ते विचारा आणि दिवाळीऐवजी जानेवारीत जा. तेव्हा लाडू नको असतात, तेलाचा डबा, साबण, सॅनिटरी पॅड हवे असतात. ती यादी पोराच्या हातात देऊन त्याला लक्ष्मीपुरीत खरेदीला न्या. वाटण्यापेक्षा त्यातून त्याला जास्त कळतं.

जुन्या कपड्यांचं थोडक्यात सांगते. २०१९च्या महापुरानंतर बाहेरून आलेल्या कपड्यांचे ढीग निवडायला मी बसले होते. फाटक्या जीन्स, एकाच पायाचा बूट, झगमगती शेरवानी. चिखलात बसलेल्या माणसानं शेरवानी घालून काय करायचं? मुलाकडून कपाट आवरून घ्या, जरूर घ्या, पण त्याला दान म्हणू नका.

ऑनलाइन देणगीची गंमत उलटी आहे. संस्थेला खरी गरज तिचीच असते, कारण पगार, औषधं, लाईटबिल लाडवांनी भागत नाही. देणगीवरची ८०जीची करसवलत हवी असेल तर एवढं लक्षात ठेवा : जुनी करपद्धत निवडली असेल तरच ती मिळते, दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत आणि वस्तुरूपानं दिलेलंही धरत नाहीत. पण मुलाच्या दृष्टीनं हे सगळं अदृश्य. आईनं क्यूआर कोड स्कॅन केला, मोबाईल वाजला, संपलं. मोठ्यांनी द्यावी, मुलांना आकडा मोकळेपणानं सांगावा, धडा म्हणून मात्र तिच्यावर भिस्त ठेवू नये.

आमच्या घरात टिकला तो सगळ्यात जुना प्रकार. आपल्या जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयतच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंड चालवला. घरोघरचं मूठभर धान्य शिकणाऱ्या पोरांच्या पोटात गेलं. विनोबांच्या सर्वोदय-पात्रातही घरातल्या लहान मुलाच्याच हातची मूठ अपेक्षित होती. आम्ही घटस्थापनेला डबा मांडतो, लक्ष्मीपूजनापर्यंत बरोबर महिना होतो. संध्याकाळी भाताचे तांदूळ घेताना दोघांची एकेक मूठ डब्यात. धाकटीची मूठ तराजूवर जेमतेम तीस ग्रॅम भरते, म्हणजे महिन्याला किलोच्या आतबाहेर.

पहिल्या वर्षी तिनं तीन दिवस आजरा घनसाळ या सुवासिक तांदळाच्या मुठी घातल्या. सासूबाईंच्या लक्षात आलं तेव्हा त्या कळवळल्या, "अगं, तो वासाचा आहे. डब्यात रेशनचा घाल की!"

"आज्जी, आपण रेशनचा खातो काय?"

सासूबाई गप्प. घनसाळ डब्यात राहिला.

या प्रकाराचे तोटेही सांगते. धान्य थोडंच जमतं, एवढ्याशा तांदळासाठी संस्थेत जायला आपल्यालाच संकोच वाटतो आणि कडुलिंबाचा पाला टाकायचा विसरला की पोरकिडे होतात. आम्ही दोन-तीन घरांचे डबे एकत्र करून ओळखीच्या एका घरी पोचवतो. तीन ते सात वर्षांचं मूल असेल तर मी डोळे झाकून हाच प्रकार सुचवीन.

थोरल्या मुलांसाठी होळीपर्यंत थांबायची तयारी ठेवा. कोल्हापूरला पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका मोफत अंत्यसंस्कार करते आणि त्यासाठी तालमी, मंडळं, घरं शेणी (गोवऱ्या) दान देतात. 'होळी लहान करा, पोळी दान करा' ही अंनिसची मोहीम सगळीकडं माहीत आहे. शेणीदान ही आपली भर. आमचा थोरला गल्लीतल्या मंडळाबरोबर टेम्पोत शेणी भरायला गेला. संध्याकाळी आला तो शेणकुटानं माखलेला. 'थँक्यू' म्हणायला तिथं कुणीच नव्हतं, हे त्यानं स्वतःहून सांगितलं. मधल्या वयाला मात्र स्मशानाची भीती बसू शकते, तेव्हा दहा वर्षांच्या आतल्याला नेऊ नका.

राहिले मुलांचे स्वतःचे पैसे. खाऊचे, ओवाळणीचे. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेचा भाऊबीज निधी ओवाळणीच्याच कल्पनेवर उभा आहे. २०१२मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दोन वर्षांच्याही आतल्या मुलांवर प्रयोग केला. समोरच्याला खाऊ देताना मुलं खूश दिसली, आणि आयत्या मिळालेल्या खाऊपेक्षा स्वतःच्या वाट्यातला दिला तेव्हा जास्त. बक्षिसाचं आमिष मात्र नको. "दिलंस ना, चल आता आईस्क्रीम" असं केलं की पुढच्या वेळी पोर आईस्क्रीमच्या आशेनं देतं.

गेल्या भाऊबीजेला धाकटीला सातशे रुपये मिळाले. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडं कारखान्यांची धुराडी पेटतात, बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. आपल्या पोरांना सुट्टी लागलेली असते, त्यांच्या पोरांची शाळा गावाकडंच सुटलेली असते. फडाच्या कडेला खोपीपुढं खेळणारी तिच्या वयाची पोरगी तिनं पाहिली होती. "मी माझे दोनशे देतो," म्हणाली. (आमच्याकडं पोरी अशाच बोलतात, पुण्याच्या आत्याला अजून हसू येतं.)

राजारामपुरीतल्या दुकानात तिनं दोन चित्रकलेच्या वह्या आणि बारा रंगांची पेटी घेतली. मग चोवीस रंगांच्या पेटीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. दुकानदार माझ्याकडं बघत होता, मी रस्त्याकडं. शेवटी चोवीसची पेटी तिनं उरलेल्या पाचशेतून स्वतःसाठी घेतली आणि बाराची वह्यांबरोबर पिशवीत टाकली. मी काही बोलले नाही. खोपीपाशी गेल्यावर तिनं पिशवी दिली, आणि त्या दोघी अर्धा तास तिच्या चोवीस रंगांनी चित्रं काढत बसल्या.