सामूहिक शिबिर की वैयक्तिक सत्र?

नागपुरात लाइफ कोचिंगसाठी, म्हणजे आयुष्यातील निर्णय व उद्दिष्टांबाबतच्या मार्गदर्शनासाठी, पैसे मोजायचे झाल्यास सहसा दोन पर्याय समोर येतात: सीताबर्डीसारख्या भागातील एखाद्या सभागृहात होणारे दिवसभराचे सामूहिक शिबिर, किंवा प्रशिक्षकासमोर एकट्याने बसून घेतलेली तासाभराची सत्रे. शिबिर स्वस्त पडते आणि हुरूपही देते. परंतु घरी परतल्यावर ठरवलेले पाळले की नाही, हे विचारणारे कोणी नसते.

वैयक्तिक सत्रात नेमके तेच विचारले जाते. नोकरी बदलावी की नाही या घोळात असताना मी धरमपेठेत अशी चार सत्रे घेतली. तिसऱ्या भेटीत प्रशिक्षकाने माझी वही उघडून, ‘साहेबांशी बोलणे’ या दोनदा पुढे ढकललेल्या ओळीवर बोट ठेवले आणि कारण विचारले, तेव्हाच माझे शुल्क वसूल झाले.

म्हणून माझा कौल वैयक्तिक सत्रांनाच आहे. मात्र भारतात लाइफ कोच होण्यासाठी कायद्याने परवाना लागत नसल्याने, एकरकमी पॅकेज न घेता सुरुवातीला एकेका सत्राचेच पैसे द्यावेत. झोप उडाली असेल किंवा उदासी हटत नसेल, तर हे दोन्ही पर्याय बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.