५० लिटरची सॅक: पावसाळ्यापासून रतनवाडी-हरिश्चंद्रगडापर्यंत

मागच्या जूनमध्ये घेतलेली सॅक. पावसाळाभर भिजली, दिवाळीनंतर घसाऱ्यावर घासली, पण तिची खरी किंमत कळली ती यंदाच्या जानेवारीत. २६ तारीख सोमवारी आली आणि आमच्या ग्रुपने रेंज ट्रेक ठरवला. रतनवाडीहून कात्राबाईची खिंड चढून कुमशेतला मुक्काम, तिथून पाचनईवरून हरिश्चंद्रगड, शेवटी टोलार खिंडीने खिरेश्वर.

जानेवारीत खिंडीच्या चढावर पाण्याचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येकाकडे चार लिटर. म्हणजे चार किलो नुसतं पाणीच. त्यावर स्लीपिंग बॅग, मॅट, शिधा, वाट्याला आलेला टेंटचा भाग. बारा-तेरा किलो सहज झाले.

एवढं वजन खांद्यांवर घ्यायचं नसतं, कमरेवर घ्यायचं असतं. हिप बेल्ट कमरेच्या हाडावर नीट बसला की खांद्याच्या पट्ट्यांना सॅक पाठीशी धरून ठेवण्यापलीकडे फारसं काम उरत नाही. या सॅकची पाठ वरखाली सरकवता येते आणि माझ्या मते निम्मे पैसे त्याचेच आहेत. कात्राबाईच्या चढात एका मित्राचे खांदे भरून आले. त्याची सॅक माझ्यापेक्षा महाग, पण पाठ लांब. बेल्ट घसरून पार मांड्यांवर आलेला. कारवीत थांबून आम्ही सॅका बदलल्या, माझीची पाठ त्याच्या मापाला आखूड केली. थोडं चढून गेल्यावर मागून आवाज आला, "अरे, यातलं पाणी काढून घेतलंस का?" थेंबभरही काढलं नव्हतं. त्याची लांब पाठ मला उंचीमुळे बरी बसली.

वरचं झाकण सुटं करून कमरेला बांधता येतं. गडावर देवळाजवळच्या झोपडीत सॅका ठेवल्या आणि तेवढंच घेऊन केदारेश्वराची गुहा, तारामती आणि संध्याकाळी कोकणकडा असं फिरलो. पाठ मोकळी असली की कड्यावर किती वेळ बसलो याचा हिशेब राहत नाही.

आता तक्रारी. बाजूचे खिसे उथळ आहेत. टोलार खिंडीकडे उतरताना रेलिंगच्या कातळटप्प्यावर वाकलो आणि भरलेली बाटली निसटून खाली गेली. खाली कुणी नव्हतं हे नशीब. खाली माणसं असतात अशा वाटेवर हा दोष किरकोळ नाही, कंपनीने तो दुरुस्त करायलाच हवा. तोवर बाटलीला दोरी बांधा.

रेन कव्हरवर विसंबू नका. सह्याद्रीचा पाऊस आडवा येतो, पाठ आणि कव्हर यांच्या फटीतून आत शिरतो. मी आत मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून त्यातच सगळं भरतो. कपडे आणि स्लीपिंग बॅग कोरडी राहते. घरी आल्यावर कव्हर उलटं करून पंख्याखाली वाळवा, ओलं घडी घातलं की आतलं कोटिंग चिकट होऊन सुटायला लागतं.

छातीच्या पट्ट्याचं बकल सप्टेंबरात तुटलं, बॅग दुरुस्त करणाऱ्याने दुसरं बसवून दिलं. शिवण मात्र अजून कुठेही उसवलेली नाही.

घ्यायची असेल तर दुकानात दहा किलो भरून, पट्टे आवळून, जिना चढून-उतरून पाहा. एका मुक्कामाला ४० लिटर पुरते. दोन मुक्काम आणि टेंट असेल तर ५० घ्या.