जुना मोबाईल लातुरातच राहिला

मी लातूरचा. अनुदानित शाळेत गणित शिकवलं आणि 2019 ला निवृत्त झालो. एकच मुलगी, ती मेलबर्नला. तिच्या आग्रहानं आम्ही दोघं फेब्रुवारी 2023 मध्ये घर आवरून कायमचं तिकडं गेलो. परत यायचं ते लग्नकार्याला, एवढंच ठरवलं होतं.

जायच्या आधी सगळ्यात मोठा घोर होता बँकेचा. पेन्शन कोषागारातून लातूरच्या खात्यात येते. तीन एफडी होत्या, मिळून 9 लाखांच्या. गावाकडं 4 एकर रान, ते पुतण्याकडं बटईनं. सोयाबीनच्या पट्टीचे पैसेही ह्याच खात्यात. हे सगळं तिकडं बसून कसं बघायचं?

तेव्हा तो भेटला. माझा माजी विद्यार्थी. नाव लिहीत नाही, प्रकरण कोर्टात आहे. गंजगोलाईपासून जवळ त्याचं छोटं ऑफिस होतं. पॅनकार्ड, विमा, कर्जाच्या फायली, परदेशी जाणाऱ्यांची कागदपत्रं, सगळं करायचा. मला बघताच खुर्चीवरून उठला, पाया पडला. "सर, तुम्ही नववीत मारलेल्या छड्या आठवतात अजून." आमच्या भागात मास्तराला एवढं पुरतं.

त्यानं जे सांगितलं त्यातलं बरंच खरं होतं, आणि फसण्याचं मूळ तिथंच आहे. कायमचं परदेशी जाणाऱ्याला साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणं बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं. पेन्शन, भाडं, शेतीचं उत्पन्न असा भारतातला पैसा एनआरओत जमा होतो. बाहेर कमावलेला पैसा ठेवायचा तर एनआरई खातं वेगळं. इथवर बरोबर. मग त्यानं आवाज खाली घेतला. "पण सर, एनआरओ केलं की व्याजावर सरळ 30 टक्के टीडीएस, वरून सेस. ज्येष्ठ नागरिकांचं जादा व्याजही जातं. आणि कर कापू नका म्हणून सांगायचा 15 एच फॉर्म भरता येत नाही. बँकेला कशाला सांगता? खातं आहे तसं राहू द्या, मी सांभाळतो."

टीडीएसचा, म्हणजे व्याजातून आधीच कापून घ्यायच्या कराचा, आकडा ऐकून माझं डोकं फिरलं. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी भरून ठेवलेला माणूस मी. काही वाया जायचं म्हटलं की जीव खालीवर होतो. त्यानं हे सांगितलं नाही, की भारत आणि ऑस्ट्रेलियात दुहेरी कर टाळायचा करार आहे, आणि तिथल्या कर खात्याचं रहिवासाचं प्रमाणपत्र बँकेत दिलं की व्याजावरचा कर 15 टक्क्यांवर येतो. कापलेला जादा कर रिटर्न भरून परत मागता येतो, हेही नाही. मीही कुणाला विचारलं नाही. खरं लिहायचं तर मला विचारायचंच नव्हतं.

पुढची गोष्ट मोबाईलची. "सर, ओटीपी इथल्या नंबरवर येणार. तिकडं सिम नेलं तर रोमिंगचा खर्च, रिचार्ज चुकलं तर नंबर बंद पडून दुसऱ्याला जातो. तुमचा हा जुना मोबाईल सिमसकट माझ्याकडं ठेवा. मी रिचार्ज करत राहीन. एफडी संपली की फिरवीन, नोव्हेंबरात हयातीचा दाखला बघीन." फोनमध्ये बँकेचं ॲप होतंच. पिन विचारला तेव्हा क्षणभर घुटमळलो, मग सांगितला. हिचं जन्मवर्ष. सहा हजार रुपये वर्षाची फी रोख दिली आणि दुसऱ्या दिवशी हैदराबादला विमान पकडायला निघालो.

तिकडचं खातं मात्र अगदी सरळ उघडलं. मुलीनं आम्ही लातुरात असतानाच तिथल्या बँकेत आमच्या दोघांची खाती ऑनलाइन उघडली होती. पैसे आधी भरता येतात, पण काढता येतात ते तिथं पोचून शाखेत पासपोर्ट दाखवल्यावर. तिकडं ओळख पटवायला 100 पॉइंटची पद्धत आहे. पासपोर्टचे 70, बाकीचे इतर कागदांतून. टॅक्स फाइल नंबर द्या म्हणाले, नाहीतर व्याजातून 47 टक्के कापतात. हा नंबर काढून द्यायचे लातूरचा तो इसम 8,000 मागत होता. मुलगी हसली, "बाबा, हा सरकारी साइटवर फुकट मिळतो." फुकटच्या कामाचे आठ हजार मागणारा माणूस आपला फोन घेऊन बसलाय, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण "बिचाऱ्याला माहीत नसेल" म्हणून मी सोडून दिलं.

पहिले चार-पाच महिने सगळं चोख. महिन्याच्या महिन्याला व्हॉट्सॲपवर स्टेटमेंटची पीडीएफ, पुतण्याला त्याचा वाटा वेळेवर. नोव्हेंबर 2023 ला दाखल्याचे 1,500 घेतले. घरी बसून मोबाईलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, काढता येतो, तिथल्या भारतीय वकिलातीतही हयातीचा दाखला मिळतो, हे मला पुढं कळलं. तिकडं आम्हाला खर्चच नव्हता, त्यामुळं लातूरच्या पैशाला हात लावायची वेळ आली नाही. पीडीएफमधले आकडे वाढताना बघून बरं वाटायचं. बनावट आकडेही वाढतात.

फुटलं ते सोयाबीनमुळं. 2024 चा हंगाम. हमीभाव 4,892 आणि आडतीत 4,100, त्याचं दुःख वेगळंच. 36 क्विंटलची पट्टी झाली, हमाली-तोलाई वजा जाऊन 1 लाख 45 हजार आडत्यानं माझ्या खात्यात टाकले. पुतण्याला हरभरा पेरायला त्याचा अर्धा वाटा पाहिजे होता. तो इसम रोज एकच उत्तर द्यायचा, सर्व्हर डाऊन आहे. आठवड्यानं पुतण्याचा फोन आला. "काका, सर्व्हर एवढे दिस डाऊन राहत नसतो. मी बँकेत जाऊ का?"

तो गेला. शाखा दहाला उघडली तेव्हा मेलबर्नात दुपारचे साडेतीन. मॅनेजर मॅडमनी शिल्लक सांगायला नकार दिला, आणि ते योग्यच होतं. मग मी मेलबर्नातून फोन बँकिंगला लागलो. डेबिट कार्डाचा नंबर, जन्मतारीख, सगळं विचारून झाल्यावर पलीकडची मुलगी म्हणाली, शिल्लक 2,317 रुपये. एफडी? एकही नाही. मी तिला दोनदा विचारलं.

तिन्ही एफडी ॲपवरूनच मोडल्या होत्या. सव्वा वर्षात कधी वीस हजार, कधी नव्वद, असे मिळून 11 लाख 40 हजार वेगवेगळ्या खात्यांत गेले होते. प्रत्येक व्यवहाराचा एसएमएस आला होता. सगळे त्याच जुन्या मोबाईलवर.

खातं गोठवायला सांगितलं. पुतण्यानं सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन लावला, मी सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. मला वाटत होतं पैसे परत मिळतील. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक कुणीतरी पाठवलं होतं. चूक ग्राहकाची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला भुर्दंड नाही. त्याच परिपत्रकात पुढं आहे, की ग्राहकानं स्वतःच पिन-ओटीपी दुसऱ्याला दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. बँकेचं पत्र तेवढंच होतं, आणि खाली आणखी एक ओळ: आपण परदेशी स्थायिक झाल्याचं बँकेला कळवलेलं नाही, आपलं खाते निवासी म्हणूनच चालू आहे. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं गेलो, उत्तर तेच आलं.

ही ओळ मला पैशापेक्षा जास्त लागली. टीडीएस वाचवायला मी बँकेपासून लपलो होतो; लपलेल्या माणसाला दारात उभं राहून भांडता येत नाही. त्यानं ते पहिल्या दिवशीच ओळखलं असणार. म्हणून तर आवाज खाली घेतला होता.

पुतण्याला पोलीस ठाण्यात, कोर्टात माझ्या वतीनं उभं राहायला मुखत्यारपत्र लागलं. ते मेलबर्नच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवलं. परदेशात केलेला असा कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरून घ्यावा लागतो; हे वकिलानं सांगितलं नसतं तर तोही वाया गेला असता. पैसे गेलेल्या खात्यांपैकी एकात 1 लाख 85 हजार पोलिसांनी रोखून धरलेत. कोर्टाच्या आदेशाशिवाय ते मिळत नाहीत. बाकीचे कुठं गेले, ते तपासात आहे असं सांगतात.

मागच्या दौऱ्यात लातुरात स्वतः शाखेत बसून खातं एनआरओ करून घेतलं. पासपोर्ट, व्हिसाची प्रत, मेलबर्नच्या पत्त्याचा पुरावा, पॅन, फोटो. पाऊण तासाचं काम. आमच्या बँकेत ऑस्ट्रेलियाचा नंबर ओटीपीसाठी जोडता येतो, तो जोडला; ईमेलही. पुतण्याला सहखातेदार केलं नाही, त्यानंच नको म्हटलं. पट्टीचा अर्धा वाटा आता मी मेलबर्नातून त्याला पाठवतो, त्याच दिवशी.

मॅडमनी फॉर्म तपासता तपासता विचारलं, "सर, दोन वर्षांपूर्वी आला असता तर?" मी काही बोललो नाही. मोबाईल पोलिसांकडं मुद्देमालात जमा आहे. पण तपासी अधिकाऱ्यानं सगळ्यात आधी मागितली ती एक पावती. मी खिशात ठेवून विसरलेली, हिनं कपडे धुताना जपून ठेवलेली. त्यावर त्याच्या हातचं लिहिलंय: "विदेश खाते सांभाळ, वार्षिक फी, 6,000." आणि खाली, अक्षर नववीत होतं तसंच गिचमिड, त्याची सही.