घर सांभाळायला ओळखीचा माणूस: शब्दावर की करारावर?
सहा महिने दादरचं घर बंद ठेवलं तर पावसाळ्यात कपाटात बुरशी चढते. म्हणून ओळखीतल्या कुणाला नाममात्र भाड्याने राहायला देणं केव्हाही बरं. फक्त कसं द्यायचं, ते ठरवा.

शब्दावर दिलं तर खर्च नाही, किल्ली आजच हातात. पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं, की लेखी, नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचंच म्हणणं ग्राह्य. ते खोटं पाडायचं काम मालकाचं. माणूस कितीही घरचा असो, ही जोखीम घेऊ नये.

करारावर द्यायचं तर लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर वापरायला देण्याच्या कराराला, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, मुंबईत नोंदणी फी १,००० रुपये. नोंदणी आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या होते. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली ताबा आणि ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम मागता येते. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसल्याचा आकार) लावेल, तिच्या सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत. पोलीस ठाण्यालाही कळवा.

किल्ली देताना वीजमीटरच्या आकड्याचा फोटो दोघांच्या मोबाइलवर ठेवा. वाद बहुतेक बिलावरूनच सुरू होतात.