बाबांचं लेखन विषयवार लावून घेतलं : कोथरूडमधल्या सेवेचा अनुभव

घरी निवृत्त प्राध्यापक असतील आणि त्यांच्या लेखांचे गठ्ठे माळ्यावर पडून असतील, तर हे काम जरूर करून घ्या. माझे वडील समाजशास्त्राचे. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तले लेख, ‘समाज प्रबोधन पत्रिके’तले मराठी लेख, चर्चासत्रांतले सायक्लोस्टाइल (स्टेन्सिलवरून प्रती काढलेले) निबंध, वर्तमानपत्रांची कात्रणं, सगळं एकमेकांत मिसळलेलं.

ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या दोघीजणी घरी येऊन काम करतात. भावाचं म्हणणं होतं, सालवार लावा. त्या दोघींतल्या थोरल्या ताई म्हणाल्या, साल लेखावर छापलेलंच असतं, संगणक ते केव्हाही लावून देईल. शोधणारा विषय मनात घेऊन येतो.

पण विषय ठरवायचा कसा? बाबांचा १९७२ च्या दुष्काळावरचा एक लेख घ्या. ग्रंथालयात पुस्तकं विषयाच्या क्रमांकाने लावायची जी पद्धत आहे, त्या ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात श्रम ३३१ मध्ये, जमीन-पाणी ३३३ मध्ये, स्थलांतर ३०४ मध्ये. या लेखात तिन्ही आहेत, शिवाय दुष्काळी कामांतून पुढे उभी राहिलेली रोजगार हमी योजनाही. ताईंनी बाबांनाच विचारलं, “सर, हा लेख लिहायला बसलात तेव्हा प्रश्न कोणता होता?” बाबा लगेच म्हणाले, “खडी फोडायला एवढ्या बायका का आल्या, हा.” कागद ‘स्त्रिया आणि श्रम’ या फाइलमध्ये गेला, दुष्काळ, स्थलांतर, रोहयो या विषयांखाली त्याची नोंद झाली. झोटेरो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकच नोंद, प्रत न काढता, अनेक विषयांत ठेवता येते. पैसे खरे वसूल झाले ते या विचारण्यामुळे. असा प्रश्न बाबांना आजवर आमच्यापैकी कुणी विचारलाच नव्हता, आणि ते त्या दुपारी किती बोलले!

कागदांची काळजीही नीट घेतात. गंजलेल्या टाचण्या काढल्या, कसर लागलेले गठ्ठे वेगळे ठेवले, आम्लमुक्त कागदाच्या फाइली केल्या. कात्रणावर तारीख नसेल, तर बाबांच्या आठवणीतलं साल चौकटी कंसात घालतात, म्हणजे छापील साल कोणतं आणि आठवणीतलं कोणतं ते कळतं.

उणं एकच. सायक्लोस्टाइल मराठी पानांचं स्कॅनिंग चांगलं झालं, पण संगणकाने त्या चित्रांतून ओळखून काढलेला मजकूर वाचवत नाही. शब्द टाकून शोधलं तर काही सापडत नाही. तिथे शीर्षक आणि दोन ओळींचा सारांश हाताने टाइप करून घ्या. त्या करून देतात, मात्र सांगावं लागतं.

दर तासावर आहे, म्हणून एकाच लेखाच्या जादा प्रती आधीच बाजूला काढा. शेवटी सगळी यादी एक्सेलमध्येही मागून घ्या. आणि बोलावणं पावसाळ्याआधी करा. जुने कागद सावलीत पसरून ठेवावे लागतात, आणि दमट हवेत ते वाळत नाहीत.